जाम झालेला बोल्ट

ऐन पाणी देण्याच्या वेळी पंप बिघडतो. उघडायला जावे तर एक बोल्ट हलत नाही. मग कोणी पान्ह्यात लांब पाईप घालतो आणि दोघे मिळून लोंबकळतात. कट्‌दिशी आवाज होतो. बोल्टचे डोके हातात येते, दांडा आत राहतो. तासाभराचे काम दोन दिवसांवर जाते आणि पीक उन्हात उभे.

हे काम कसे करावे ते मुंबईच्या परळ-लालबागच्या फिटरांना चांगले ठाऊक होते. परळला जी.आय.पी. रेल्वेचा कारखाना १८७९ साली सुरू झाला. तिथे आगगाडीची इंजिने दुरुस्त होत. भोवती कापडाच्या गिरण्या. समुद्र जवळ, हवा खारी. त्यात सूत तुटू नये म्हणून गिरणीत हवा मुद्दाम ओलसर ठेवीत. गंजाला आणखी काय हवं? १९८२ च्या संपानंतर तिथल्या बहुतेक गिरण्या हळूहळू बंद पडल्या. पण ते कसब आपल्या पंपालाही लागू पडते.

बोल्ट जाम का होतो? लोखंड गंजले की फुगते. आट्यांमधली फट केसासारखी बारीक. गंज तीत पाचरीसारखा घट्ट बसतो. म्हणून आधी गंज सोडवायचा, मग बोल्ट.

तारेच्या ब्रशाने आटे साफ करा. रॉकेलमध्ये थोडे पातळ तेल मिसळून तिथे सोडा. जाड तेल आत झिरपत नाही. रात्रभर राहू द्या. सकाळी डोक्यावर हातोडीने सरळ ठोके मारा. जोराचे नकोत, पुष्कळ हवेत. मग मापाचा पान्हा लावा. आधी किंचित आवळा, मग सोडा. थोडा सुटला की परत आत घ्या, पुन्हा तेल द्या. करकरला की थांबा. आणि आटे उलटे नाहीत ना, तेही पाहा. सायकलचा डावा पायडल उलट्या आट्याचा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते!

एवढ्यानेही हलला नाही तर उष्णता. दहा सेंटिमीटर लांबीचे पोलाद शंभर अंशांनी तापवले, तर ते कागदाच्या जाडीइतके वाढते. नट तर त्याहून लहान, म्हणजे वाढ आणखी थोडी. पण गंजाला तडा जायला ती पुरते. नट तापवा, बोल्ट नको. त्याआधी रॉकेल पुसून टाका. डिझेलची टाकी जवळ असेल तर जाळ पेटवूच नका. बिडाचा भाग एकाच जागी फार तापला तर तडकतो.

आणि तुटलाच तर? परळच्या कारखान्यात येणाऱ्या वाफेच्या इंजिनांना आट्यांचे दांडे शेकड्यांनी असत, आणि त्यांतले काही तुटत. भट्टीचे आतले आणि बाहेरचे पत्रे आट्यांच्या दांड्यांनी जोडलेले असतात. वाफेच्या इंजिनाचे कामगार हातोडी मारून आवाजावरून तुटका दांडा ओळखीत. तुटके वाढत गेले तर बॉयलर फुटायचे भय. असा दांडा गिरमिटाने पोखरून काढीत आणि नवा बसवीत.

आपणही तेच करायचे. तुकडा वर निघालेला असेल तर त्यावर नट ठेवून वेल्डिंग करून घ्या. वेल्डिंगची उष्णताही गंज सोडवते. तुकडा आत असेल तर कानशीने तोंड सपाट करा, बरोबर मधोमध पंच मारा. इथे घाई केली तर पुढचे सगळे वाकडे जाते. आधी बारीक भोक पाडा, मग मोठे. डोळ्यांवर चष्मा हवाच. भोकात उलट्या आट्याची निमुळती खीळ घालून फिरवतात. तिला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. ती फार कडक असते. जोर लावून आत मोडली तर साधे ड्रिल तिला कापत नाही. म्हणून अडली की पुन्हा तेल आणि उष्णता. आम्हाला विचाराल तर हे शेवटचे काम जाणत्या फिटरकडूनच करून घ्यावे.

नवा बोल्ट बसवताना भोकातले आटे टॅप फिरवून साफ करा आणि बोल्टला ग्रीस लावा. पहिले तीन-चार आटे हातानेच फिरवा. हाताने जात नसेल तर पान्हा लावू नका. बोल्ट तिरका लागला आहे. काढून पुन्हा लावा.