त्रिकोणातला आकडा आणि पेटीवरची फुली

कापड घेताना आपण काठ पाहतो, पोत पाहतो, धागा ओढून पाहतो. ते ज्या पिशवीत येते तिच्यावर काय छापले आहे, ते मात्र वाचत नाही. पुष्कळ पिशव्यांवर बाणांचा त्रिकोण आणि त्यात एक आकडा असतो. त्रिकोण आहे म्हणजे माल पुन्हा वापरात जाणारच, असे आपले बरेच बांधव समजतात. तसे नाही.

बाणांचे मूळ चिन्ह १९७० साली गॅरी अँडरसन या अमेरिकन विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढले. १९८८ मध्ये तिकडच्या प्लास्टिक कारखानदारांच्या संघटनेने त्याच धर्तीच्या त्रिकोणात १ ते ७ आकडे घातले. आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. पाण्याच्या बाटलीवर १. तिच्यापासून पॉलिएस्टरचा धागा निघतो, हे आम्हा कापडवाल्यांना ठाऊक असावे. मऊ पिशवीवर ४, साडीच्या कडक, चुरचुरणाऱ्या पिशवीवर ५. या दोन्ही एकत्र वितळवल्या तर माल कच्चा निघतो, म्हणून वेगळ्या बांधलेल्या रद्दीला भंगारवाला बरा भाव देतो. १ मध्ये ३ म्हणजे पीव्हीसी मिसळले तर धागा पिवळा पडतो आणि तुटतो.

बॅटरीवरचे चिन्ह वेगळे. चाके असलेली कचरापेटी आणि तिच्यावर फुली. हे युरोपातून आले. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत ते घातले आहे. मतलब एवढाच, की ही वस्तू घरच्या कचऱ्यात टाकू नये. पेटीखाली ‘पीबी’ ही रोमन अक्षरे असली तर आत शिसे, ‘सीडी’ असली तर कॅडमियम. शिशाचे प्रमाण ०.००४ टक्क्यांहून जास्त असले की ही खूण हवीच. इन्व्हर्टरच्या बॅटरीत तर शिसेच शिसे.

अशी बॅटरी थोडे जास्त पैसे मिळतात म्हणून गल्लीत फोडणाऱ्याला देणे आम्हाला पटत नाही. शिशाची धूळ कारागिराच्या कपड्यांवरून त्याच्या घरात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. नवी बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानदाराला द्यावी, किंमत बिलात वजा करून घ्यावी.

काट्याचे, घड्याळाचे सेल एका डब्यात वेगळे साठवावेत. लिथियमचे असतील तर टोकांना चिकटपट्टी लावावी. दोन टोके भिडली की ठिणगी पडते, आणि आपल्या दुकानात चोहीकडे कापडच असते.