खरेदीच्या सफरीचे शेवटचे तीन दिवस



परदेशात एकटीने केलेल्या खरेदीच्या सफरीत शेवटचे तीन दिवस सर्वांत नाजूक. सुरुवातीला नजर बाजारावर असते आणि हात आखडता असतो. शेवटी पैसे आणि पायांतले बळ दोन्ही संपत आलेले असतात, आणि चार दिवस जिच्याशी बोलणे झाले ती बाई ओळखीची वाटू लागते. हे लिहायचे कारण नेमके तेच आहे. बँकॉकच्या प्रातुनाम भागातल्या लॉजवर भेटलेल्या ठाण्याच्या एका बाईंनी आपल्या मुलासाठी खाऊचा डबा न्यायला सांगितले आणि भाची मनू हिने ‘बघू’ म्हटले, असे काकूकडून कळले. काकूच्या बातमीला मीठमसाला असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ‘बघू’ हा शब्द मनूचाच, आणि घरात त्याचा अर्थ ‘हो’ असा होतो.

निघण्याच्या तीन दिवस आधी खरेदी थांबवावी. बँकॉकच्या प्लॅटिनम मॉलमध्ये एका दुकानातून तीन नग घेतले की घाऊक भाव लागतो, त्यामुळे एक हवा असताना तीन घेतले जातात. चाटुचाकचा मोठा बाजार शनिवार-रविवारचा. तो शेवटच्या दिवशी आला तर हात आवरत नाही. एक जीन्स साधारण सहा-सातशे ग्रॅमची, म्हणजे डझनभर घेतल्या की सात-आठ किलो झाले. हवा काढायच्या पिशव्यांनी बॅगेचा फुगवटा कमी होतो, वजन कमी होत नाही. लॉजवर काटा मागून बॅग आदल्या दिवशीच तोलावी. विमानतळावर सर्वांसमोर बॅग उघडून कपडे उपसण्याची वेळ एकट्या मुलीवर येऊ नये.

दुसरी गोष्ट मालाची. सीमाशुल्काची सवलत प्रवाशाच्या स्वतःच्या वापराच्या वस्तूंना आणि भेटवस्तूंना असते. २०१६ च्या बॅगेज नियमांत तिची मर्यादा ५०,००० रुपये होती. हा आकडा सरकार बदलते, म्हणून चालू आकडा निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. एकाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीला जोडता येत नाही. एकाच नमुन्याचे, तीन मापांतले चाळीस टॉप कोणी स्वतःसाठी घेत नाही, हे अधिकाऱ्याला बॅग उघडताच कळते. मनूच्या राजारामपुरीतल्या दुकानासाठी घेतलेला माल दुकानाचा माल म्हणूनच यावा. प्रातुनामच्या गल्ल्यांत किलोवर दर लावणारे कार्गोवाले आहेत. त्यांच्यामार्फत माल आणायला इकडे आयात-निर्यात कोड लागतो, आणि तो पॅन क्रमांकावरच मिळतो. तो काढला का, असे गेल्या दिवाळीत दोनदा विचारले होते. दोन्ही वेळा उत्तर ‘बघू’ असेच मिळाले.

बिले एका पाकिटात ठेवावीत. मॉलमधल्या ज्या दुकानांत पर्यटकांना व्हॅट परत मिळण्याची पाटी असते, तिथे एका दिवसात किमान २,००० बाटांची खरेदी असेल तर पासपोर्ट दाखवून त्याच दिवशी फॉर्म भरून घ्यावा लागतो. व्हॅट ७ टक्के आहे, हाती त्याहून कमी येते. रक्कम मोठी असेल तर बॅग विमान कंपनीच्या हाती देण्यापूर्वी कस्टमचा शिक्का घ्यायचा असतो. पुष्कळ जण बॅग देऊन मोकळे होतात आणि मग शिक्क्याची आठवण होते. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी. ई-सिगारेट कोणासाठीही घेऊ नये, २०१९ पासून ती भारतात बंद आहे. बुद्धमूर्ती बाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो.

आता पुन्हा डब्याकडे. २०२२ च्या जूनमध्ये थायलंडने गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, आणि बँकॉकच्या रस्त्यांवर त्याची दुकाने झाली. पुढे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नियम पुन्हा आवळले. मधल्या काळात तिथे गांजा घातलेली बिस्किटे आणि रंगीत जेलीच्या गोळ्या मिळू लागल्या; त्यांची वेष्टने मुलांच्या खाऊसारखीच दिसतात. बँकॉकहून मुंबईत उतरलेल्या प्रवाशांच्या बॅगांतून, खाण्याच्या पाकिटांत दडवलेला हायड्रोपोनिक गांजा पकडल्याच्या बातम्या गेली काही वर्षे सतत येत आहेत. पकडलेल्यांत कॉलेजातली मुलेमुलीही असतात. भारतात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा लागू आहे. व्यापारी प्रमाणात माल सापडला तर त्यात किमान दहा वर्षांची शिक्षा आहे, आणि जामीन मिळणे फार अवघड असते. त्याहून भयंकर गोष्ट अशी की माल ज्याच्या ताब्यात सापडतो त्याला तो माहीत होता असे न्यायालय गृहीत धरते. माहीत नव्हते हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच येतो. ‘लॉजवरच्या बाईंनी दिला होता’ एवढ्याने ते सिद्ध होत नाही, आणि तोवर त्या बाईंचा फोन बंद झालेला असतो.

ठाण्याच्या बाई कदाचित खरोखरच साध्या असतील, डब्यात वाळवलेले आंबेच असतील. तरीही डबा घेऊ नये. उघडून दाखवला तरी घेऊ नये. आपल्या हाताने भरली नाही अशी एकही वस्तू बॅगेत असता कामा नये. नाही म्हणताना कारण द्यावे लागत नाही. द्यायचेच झाले तर आत्याचे नाव पुढे करावे, ती खाष्ट आहे म्हणून सांगावे.

या हट्टामागे एक जुनी गोष्ट आहे. घरात स्कूटर उशिरा का आली, हे मनूने लहानपणी अनेकदा विचारले आणि दर वेळी तिला वेगळे उत्तर मिळाले. खरे उत्तर असे आहे. १९८६ मध्ये आत्या चोवीस वर्षांची असताना सिंगापूरला गेली होती, एकटीच. शेवटच्या संध्याकाळी लॉजवरच्या एका बाईंनी दुधाच्या पावडरीचा डबा दिला, नातवासाठी म्हणून. डब्याचे झाकण कारखान्यातून आल्यासारखे घट्ट होते. त्या बाईंनी चार दिवस पोळीभाजी खाऊ घातली होती, त्यामुळे नाही म्हणवले नाही. मुंबईला सहार विमानतळावर अधिकाऱ्याने डबा हलवून पाहिला आणि कापला. पावडरीत घड्याळे होती. रात्रभर प्रश्न झाले. बाहेर दादा, म्हणजे मनूचे बाबा, कठड्याला टेकून सकाळपर्यंत उभा होता. स्कूटरचा नंबर कित्येक वर्षांनी लागला होता, पैसे जमवून ठेवलेले होते. ते दंडात गेले. दादाने घरी कोणाला काही सांगितले नाही, आणि बहिणीलाही त्यावरून आजवर एक शब्द ऐकवला नाही. तो रागावला असता तर बरे झाले असते, असे आत्याला अजून वाटते. त्या काळी प्रकरण घड्याळांवर निभावले. आजच्या डब्यातून काय निघेल, या विचाराने गेले तीन दिवस झोप नाही.

निघायच्या दिवशी तिकिटावरचे विमानतळाचे नाव पुन्हा वाचावे. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. एकावर जाऊन पोचल्यावर दुसरा हवा होता हे कळण्यासारखी फजिती नाही. सुवर्णभूमीला जायचे असेल तर प्रातुनामहून राच्चप्रारोप स्टेशन जवळ आहे, तिथून विमानतळाची रेल्वे मिळते आणि टॅक्सीसारखी रहदारीत अडकत नाही. तीन तास आधी पोचावे. काउंटरवर ‘बॅग स्वतः भरली का, कोणी काही दिले आहे का’ असे विचारतात, त्याचे उत्तर खरे देता यावे. पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे समुद्रमंथनाचे भव्य शिल्प आहे, वासुकी धरून देव एका बाजूला आणि असुर दुसऱ्या बाजूला. तिथे थोडे थांबावे, फोटो काढून दादाला पाठवावा. त्याला ते फार आवडेल.

भारताचे घड्याळ दीड तास मागे आहे. विमानात ते लावून घेऊन डोळे मिटून पडावे. मुंबईत बॅग पट्ट्यावरून आली की कुलूप आणि चेन आधी तपासावी. सवलतीपेक्षा जास्त माल असेल तर लाल मार्गाने जाऊन आपणहून सांगावे. सामानात काय आहे ते सांगण्याची जबाबदारी प्रवाशाचीच, असे १९६२ चा सीमाशुल्क कायदा म्हणतो. मागतील ती ड्यूटी भरून पावती घ्यावी. त्यासाठी मनूच्या खात्यात आज तीस हजार रुपये टाकले आहेत. ते परत करायचे नाहीत. माल अडकवून ठेवला तरी वाद घालू नये, रडू नये. चाळीस टॉप गेले तर जाऊ द्यावेत. दुकान पुढच्या महिन्यातही असेल.

फोनवर परवा आवाज चढला, तो भीतीचा होता. एकटीने तिकीट काढून, भाषा येत नसलेल्या शहरात घासाघीस करून माल उचलणारी घरातली पहिली मुलगी मनूच. आत्याला तिचे कौतुक आहे आणि ते रागावण्याच्या आधी सांगायला हवे होते.

दादाने विमानाचा नंबर तीनदा विचारून कॅलेंडरवर लिहिला आहे. गुडघे दुखतात म्हणून घरीच थांब म्हटले, पण ऐकत नाही. टर्मिनल दोनच्या बाहेर कठड्याच्या डाव्या टोकाला तो उभा असेल, आणि या वेळी आत्याही त्याच्या शेजारी असेल. डब्यात गुळाच्या पोळ्या आहेत, तूप वेगळ्या बाटलीत.

— आत्या