आमचा आवडता ग्रंथ : ख्रिस्तपुराण



आवडता ग्रंथ कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही ‘ख्रिस्तपुराणा’चे नाव घेतो. तो रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू. ते १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली तेथेच देवाघरी गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. पहिल्या पुराणात जुना करार आहे, तर दुसऱ्यात प्रभू येशूचे जीवन.

आमच्या मनाला भिडला तो या ग्रंथाचा उगम. फादर स्वतःच सांगतात की, रविवारी मुलांचे धर्मशिक्षण चालू असताना एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने विचारले : आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? फादरांनी त्या माणसाला गप्प केले नाही. त्याच्याच भाषेत, ओवी छंदात त्यांनी उत्तर रचले. स्वर्गाला त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटले. परक्या देशात जन्मलेल्या या माणसाने मराठीला फुलांतील मोगऱ्याची आणि सुगंधांतील कस्तुरीची उपमा दिली.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला : तीन वर्षांत देशी भाषा सोडा, पोर्तुगीज बोला. स्टीफन्सच्या काळच्या छापील प्रती आज उरलेल्या नाहीत. पण भाविकांनी हाताने नकला करून ग्रंथ जपला. अशा हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला.

आज नवी मुंबईत आपल्यावर कोणताही हुकूम नाही. तरीही आपल्या घरांतील कितीतरी मुलांना आजीचे मराठी प्रार्थनापुस्तक वाचता येत नाही. दोष मुलांचा नाही; वाचून दाखवायला आपण बसलो नाही.

म्हणून या रविवारी रोझरीनंतर मुलांना जवळ घेऊन दहाच ओव्या वाचू या. जुने शब्द आपल्यालाही अडतील, तेव्हा सगळे मिळून अर्थ लावू.

चिंतनासाठी :
१. मुलांनी श्रद्धेविषयी प्रश्न विचारला, तर आपण त्यांना गप्प करतो की उत्तर शोधतो?
२. आपल्या घरात प्रभूची गोष्ट कोणत्या भाषेत सांगितली जाते? ती मुलांच्या मनापर्यंत पोहोचते का?