सूक्ष्म छपाईसाठी प्लाझ्माचा प्रकाश

जुन्या शिळाछापात दगडावरील अक्षरे कागदावर उमटत. संगणकाची चिप घडविण्याच्या प्रक्रियेलाही ‘लिथोग्राफी’ हेच नाव आहे. येथे कागदाच्या जागी सिलिकॉनची चकती असते आणि शाईचे काम प्रकाश करतो. विद्युत मंडलाची आकृती कोरलेल्या साच्यामार्फत प्रकाश चकतीवरील संवेदनशील लेपावर पडतो व तेथे ती आकृती उमटते. जाड बोरूने बारीक अक्षर निघत नाही, त्याचप्रमाणे लांब तरंगांच्या प्रकाशाने सूक्ष्म रेषा उमटत नाही.

म्हणून १९७२ साली अमेरिकेतील लिंकन प्रयोगशाळेत हेन्री स्मिथ व त्यांचे सहकारी यांनी क्ष-किरणांनी अशी छपाई करून दाखविली. या पद्धतीत सुमारे १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या, तरंगलांबीचे किरण लागतात. साध्या क्ष-किरण नळीचे किरण फार क्षीण पडत; सिंक्रोट्रॉन हे प्रखर किरण देणारे यंत्र अवाढव्य व खर्चिक होते. मधला मार्ग स्पंदित प्लाझ्माचा निघाला. धारित्रांत साठविलेली वीज क्षणार्धात वायूत सोडली, किंवा प्रखर लेसर धातूवर रोखला, की अतितप्त प्लाझ्मा निर्माण होऊन क्ष-किरणांचा झोत निघतो.

तथापि अडचणी दोन होत्या. या किरणांसाठी योग्य भिंग नसल्याने साचाही चिपइतकाच सूक्ष्म कोरावा लागे. आणि प्लाझ्मातून उडणारे कण उपकरणे खराब करीत. परिणामी ही पद्धत मोठ्या उत्पादनात रुजली नाही.

१९८६ साली जपानचे हिरो किनोशिता यांनी बहुस्तरी आरशांनी आकृती लहान करून उमटविण्याचा मार्ग मांडला. आज त्यासाठी १३.५ नॅनोमीटरचे किरण वापरतात. वितळलेल्या कथिलाचे थेंब, सेकंदाला सुमारे ५०,००० या वेगाने, निर्वात कक्षात सोडले जातात. लेसरचे पहिले स्पंदन थेंब चपटा करते, दुसरे त्याचा प्लाझ्मा करते. आरशांवर साचणारे कथील हायड्रोजन वायूने दूर करतात. प्रत्येक आरशात सुमारे तृतीयांश प्रकाश वाया जातो. त्यामुळे मुळातच प्रखर स्रोत लागतो. आरंभीच्या यंत्रांत ही शक्ती काही वॉटच होती. ती सुमारे २५० वॉटपर्यंत नेल्यावरच ताशी शंभराहून अधिक चकत्या छापणे शक्य झाले, आणि २०१९ च्या सुमारास मोठ्या उत्पादनाला आरंभ झाला.

किनोशितांच्या मांडणीपासून येथवर तेहतीस वर्षे लोटली. तत्त्व सिद्ध होण्यास एक प्रयोग पुरतो. ते कारखान्यात नांदण्यासाठी मात्र पिढीभराचे अखंड अर्थसाहाय्य व चिकाटी लागते.