ऊर्जेचा नाश नाहीं, मग काटकसर कां?

गेल्या सत्रांत नववीच्या वर्गास ऊर्जेच्या अविनाशित्वाचा नियम शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, ऊर्जा जर कधींच नाश पावत नाहीं, तर दिवे मालवा, वीज वांचवा, असें घरीं आम्हांस कां सांगतात?" वर्ग हंसला. प्रश्न मात्र हंसण्यासारखा नव्हता. त्या दिवशीं मजकडून त्याचें समाधान झालें नाहीं, म्हणून हा लेख.

लोणावळ्याचें उदाहरण घेऊं. वळवण, शिरोता इत्यादि तलावांत सांठलेलें पावसाचें पाणी नळांतून घाटाखालीं खोपोलीस उतरतें व तेथील चक्रें फिरवितें. १९१५ सालीं हें केंद्र सुरू झालें आणि मुंबईच्या गिरण्यांस त्याची वीज मिळूं लागली. डोंगरमाथ्यावरील तें स्तब्ध पाणी म्हणजे ऊर्जेची ठेवच होय. समुद्राची वाफ करून ती ठेव सूर्यानें वर नेलेली असते.

आतां हिशेब करूं. उतार ५०० मीटर धरला (प्रत्यक्षांत तो थोडा अधिकच आहे), तर एक लिटर पाण्यापासून सुमारें ४,९०० जूल ऊर्जा मिळते. यंत्रांत व तारांत मिळून तिचा पांचवा हिस्सा गळाला असें समजूं. घरीं एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापविण्यास सुमारें ३,१४,००० जूल लागतात. म्हणजे चहाच्या एका लिटर आधणासाठीं ८० लिटर पाणी तो सारा घाट उतरून आलें पाहिजे! हा आंकडा मी प्रथम काढला तेव्हां चूक झाली असें वाटून पुन्हा गणित केलें. पण चूक नव्हती.

तें आधण ओट्यावर तसेंच राहिलें तर तासा-दोन तासांत निवतें. त्यांतील एकही जूल नाहींसा झालेला नसतो. हवेंत, भिंतींत, भांड्यांत तो सर्व विखुरलेला असतो. परंतु त्या विखुरलेल्या उष्णतेनें कोणी चक्र फिरवूं शकत नाहीं. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. आपण खर्चितों ती ऊर्जा नव्हे, तर ऊर्जेची उपयोगी पडण्याची योग्यता.

सगळ्या ऊर्जेची योग्यता सारखी नसते. उंचावरील पाण्याच्या ऊर्जेपैकीं शंभरांतील ऐंशींहून अधिक भागांची वीज होऊं शकते. कोळशाच्या उष्णतेवर चालणाऱ्या केंद्रांत मात्र साधारण पस्तीस ते चाळीसच भाग हातीं येतात, आणि हा दोष केवळ कारागिरांचा नव्हे. उष्णतेपासून काम घेण्यास निसर्गानेंच मर्यादा घातली आहे, हें कार्नो नांवाच्या फ्रेंच इंजिनियरानें १८२४ सालींच दाखविलें.

दिव्यांचें तसें नाहीं. तेथें सुधारणेस पुष्कळ वाव होता. जुन्या तारेच्या बल्बांत शंभरांतील जेमतेम पांच भागांचा प्रकाश होई. हल्लींचा नऊ वॅटचा एलईडी दिवा त्या साठ वॅटच्या बल्बाएवढाच उजेड देतो. अर्थात् तो उजेडही भिंतीवर पडून शेवटीं उष्णताच होतो.

हें ऐकून तोच विद्यार्थी परवां पुन्हा म्हणाला, "मग ती विखुरलेली उष्णता गोळा कां करूं नये?" करतां येते. घरचा फ्रीज तेंच करतो. आंतील उष्णता उपसून मागील बाजूस टाकतो. तेथें हात धरून पाहा, ऊब लागेल. पण त्या उपसण्यासाठीं नवी वीज लागते, आणि तीही शेवटीं उष्णता होऊन त्याच खोलींत पसरते.