रिंगमधून स्क्रीनवर

व्हायव्हात 'बिझनेसमध्ये आय.टी.चा उपयोग काय?' असं विचारलं की आपण वेग, अचूकता, कागदाची बचत ही पाठ केलेली यादी म्हणून दाखवतो. यादी चूक नाही. पण हे फायदे स्पर्धकालाही मिळतात, मग आय.टी.ला 'स्ट्रॅटेजिक' कशासाठी म्हणायचं? मला याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मुंबईतच सापडलं.

मुंबई शेअर बाजार १८७५ सालचा. १९९५ पर्यंत तिथे दलाल 'रिंग'मध्ये उभे राहून, ओरडून आणि हातवारे करून सौदे करायचे. बाहेरगावच्या माणसाची ऑर्डर फोनवरून, एका दलालाकडून दुसऱ्याकडे अशी मुंबईत पोचायची. शेअर नक्की कोणत्या भावाने घेतला हे त्याने कसं तपासायचं? दलाल सांगेल तो भाव!

१९९२ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंज, म्हणजे एन.एस.ई. स्थापन झालं आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये तिथे शेअर्सचे व्यवहार सुरू झाले. इथे रिंग नव्हतीच. दलालाच्या गच्चीवर व्हीसॅटची डिश आणि ऑफिसात कॉम्प्युटर. ऑर्डर उपग्रहामार्फत मुंबईतल्या मुख्य कॉम्प्युटरकडे जायची. तो आधी भाव बघणार. भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली त्याचा नंबर आधी. समोरचा कोण हे कुणालाच दिसत नाही, त्यामुळे ओळखीपाळखीचा प्रश्नच मिटला.

मुंबई शेअर बाजारही गप्प बसला नाही. मार्च १९९५ मध्ये, म्हणजे जेमतेम चार महिन्यांत, त्यांनी स्वतःची 'बोल्ट' ही स्क्रीनवरची प्रणाली आणली. तरीसुद्धा सुमारे वर्षभरात एन.एस.ई. उलाढालीत पुढे गेलं. आता कॉम्प्युटर तर दोघांकडे होते! पण बोल्ट सुरुवातीला मुंबईपुरती होती, आणि एन.एस.ई.च्या डिश गावोगावी पोचत होत्या. शिवाय बाजाराचं मंडईसारखं असतं, जिथे विकणारे जास्त तिथेच घेणारे जातात. एकदा वळलेली गर्दी नुसता कॉम्प्युटर घेऊन परत आणता येत नाही.

निकोलस कार यांनी २००३ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त लिहिलं होतं, की आय.टी. आता विजेसारखी सगळ्यांनाच मिळते, त्यामुळे तिच्यातून वेगळा फायदा उरत नाही. मला हे अर्धंच पटतं. यंत्र विकत मिळतं, हे खरं. पण एन.एस.ई.ने बाजारात कोण येऊ शकतो हाच नियम बदलला, आणि तो यंत्राबरोबर बॉक्समध्ये येत नाही.

अर्थात, धंदाच आय.टी.वर उभा केला की जोखीमही तिथेच येते. २४ फेब्रुवारी २०२१ ला टेलिकॉम लिंकमधल्या बिघाडामुळे एन.एस.ई.चे व्यवहार सकाळी पावणेबाराच्या सुमारास थांबले, ते सुरू व्हायला दुपारचे पावणेचार वाजले. तेवढा वेळ मुंबई शेअर बाजार मात्र चालू होता.