माशांच्या खाद्यात लसूण

झरी जामणी भागात शेततळ्यात रोहू पाळणाऱ्या सभासद बंधूंनो, रोग आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच माशांची ताकद वाढवलेली बरी. भुवनेश्वरच्या शास्त्रज्ञांनी रोहूला ६० दिवस किलोमागे १ ते १० ग्रॅम लसूण घातलेले खाद्य दिले व मग 'एरोमोनास' जंतू टोचला. साध्या खाद्यावरच्या माशांपेक्षा लसूणवाले जास्त जगले, असे २००७ साली प्रसिद्ध झाले.

आपण कोंडा-पेंडीच्या १० किलो खाद्यात ५० ग्रॅम लसूण वाटून कालवावा. मात्र आजारी मासा खातच नाही, म्हणून हे आधीपासून करावे. आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर बहुधा पाण्यात प्राणवायू कमी आहे. तिथे लसूण काय करणार? खाद्य थांबवा, ताजे पाणी सोडा.